डावीकडची खिडकी

टोकियो, मंगळवार

चि. कियोए हिला दादाचे आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. दवाखान्यातल्या भाताला नावं ठेवत का होईना, आईने तो संपवला. मांजर जेवतंय का?

आता विमानाचं ऐक. डोळ्याच्या ऑपरेशनआधी एकदा वरून फुजी बघायचा, हा हट्ट तिचाच. ओमुरा न्हावी छातीठोकपणे म्हणाला, उजवीकडे बसा. मी नकाशा पसरला. उजवीकडे दिसतो तो टोकियोहून आपल्या कागोशिमाला येताना, जाताना डावीकडे. म्हणून पंखाच्या पुढची डावी खिडकी तिला मिळवून दिली. मधली जागा आधीच गेली होती, मी कडेला.

मधला तरुण बसल्या बसल्या घोरायला लागला. आईने अलगद खिडकीची झडप खाली ओढली.

"आई, अगं फुजी बघायचाय ना?"

"हळू बोल. उजेड त्याच्या डोळ्यांवर येतोय."

फुजी आल्याचं वैमानिकाने सांगितलं. अख्खं विमान डावीकडे वाकलं, आणि आम्ही मायलेक बंद झडपेकडे बघत बसलो. त्याला उठवायचं धाडस मलाही झालं नाही.

उतरताना तो जागा झाला. "आजी, फुजी दिसला का हो?"

"दिसला तर. फार छान होता," आई म्हणाली. मी कपाळाला हात लावला.

ऑपरेशन सोमवारी आहे. डॉक्टर 'काळजी नको' असं दोनदा म्हणाले. एकदाच म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. तू शनिवारपर्यंत ये. परतीच्या, उजवीकडच्या तिन्ही जागा मी धरून ठेवल्यात. मधे तू बस, आणि झोपू नकोस.

तुझा वैतागलेला,
तोकुजिरोदादा