एका फुटावरचं गवत

२ जुलै, सकाळ.
गवतापासून गॅस बनवणाऱ्या कंपनीसाठी हत्तीगवत लावायचं ठरलं. बांधापलीकडे चुलतभाऊ मच्छिंद्रही लावतोय. माझं बघून. (तो म्हणतो, आधी त्याने ठरवलं. असेल.) ज्याचं गवत जोरात, त्याच्या रानात कंपनी 'आदर्श प्लॉट'ची पाटी लावणार. पाटी माझीच. आजपासून कुणावर जळायचं नाही.

५ जुलै.
कंपनीच्या रोहिणी मॅडम म्हणाल्या, काका, तीन-तीन फूट अंतर सोडा, गवत वर्षानुवर्षं राहतं, ठोंब पसरतो. मच्छिंद्रने मान डोलावली. त्याची मानच तशी. मोकळी जमीन काय पिकवते? मी एकेका फुटावर लावलं. रंगूबाई म्हणाली, आवं, एका वाकळंत चार पावनं कसं निजायचं? बायकोला शास्त्र कळत नाही. पिठलं मात्र झकास करते.

२० ऑगस्ट.
माझ्या रानात माती दिसेना. त्याच्या रानात बैलगाडी वळेल. विचारलं, मच्छ्या, मधी क्रिकेट भरवतो का? हसला. आतून जळतोय. मला जळकं माणूस लांबून ओळखू येतं.

८ ऑक्टोबर.
पहिली कापणी. वजन माझं जास्त! मच्छिंद्रने पाठ थोपटली. नाटकी. रंगूबाईने त्याच्या चहात साखर जास्त घातली. लक्षात ठेवलंय.

२२ डिसेंबर.
दुसरी कापणी. माझ्या गवताची ताटं काडीसारखी. थंडीमुळे. त्याची अंगठ्याएवढी. थंडी बांध ओलांडत नसावी. तो नसताना सहज त्याच्या रानात गेलो. एक ठोंब मिठीत मावतो का पाहत होतो, तेवढ्यात आलाच. म्हणाला, नाना, काय झालं? म्हटलं, तोल गेला.

१५ जानेवारी.
मॅडम म्हणाल्या, दाटीनं एकमेकांचं खातंय, दोन ओळी उपटा, एक ठेवा. म्हटलं, माझ्या मनात होतंच. उपटलेले ठोंब मच्छिंद्रने मागितले, म्हणाला, पडीक तुकड्यात लावतो. मोठ्या मनाने दिले. तिथे कुसळही जगत नाही.

२० एप्रिल.
पाटी लागली. मच्छिंद्रच्या त्याच तुकड्यात. गवत माझंच, हे मी प्रत्येकाला सांगितलं. रंगूबाई म्हणाली, व्हय, सासरी सुखात हाय. थोरला म्हणून नारळ मला फोडायला लावला. एका दणक्यात फोडला. मच्छिंद्रला जमला नसता. खोबऱ्याचा मोठा तुकडा त्याने माझ्याच हातावर ठेवला.
गोड होता, मेला.