ब्रेक चांगले होते

काल्मार, स्वीडन, १४ मार्च

प्रिय यार्मो,

सात वर्षांत मी तुला फक्त नाताळची कार्डं पाठवली, तीही छापील मजकुराखाली आमची दोघांची नावं घालून. आता एवढं जाड पाकीट फिनलंडला आलेलं बघून तुला वाटेल, कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. माय-ब्रिट बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. आपल्या डेपोत आता सगळ्या बस विजेवर चालतात. तू असतास तर त्यांच्याभोवती पाना घेऊन नुसता फिरत बसला असतास. कॉफीचं यंत्र मात्र अजून तेच आहे. दुरुस्त करणारा तू एकटाच होतास, त्यामुळे सध्या ते सूप आणि कॉफी एकाच चवीचं देतं.

मी बस चालवणं सोडून तिकीट-खिडकीत बसलो ते कंबरेमुळे, असं तुलाही सांगितलं होतं. कंबर ठणठणीत आहे. मला झटके येतात. छाती धडधडते, हात बधिर होतात आणि वाटतं, संपलो. मुलगी समुद्रावरच्या पुलापलीकडे एलांड बेटावर राहते, नात तिथे पाच वर्षांची झाली, आणि मी एकदाही तिच्याकडे गेलेलो नाही. दर वेळी तेच इकडे येतात. नातीने एकदा विचारलं, "आजोबा, तुम्हाला आमचं घर आवडत नाही का?" यावर मी कंबर चोळून दाखवली.

शेवटी माय-ब्रिटने मला डॉक्टरांकडे ढकललं. ते म्हणाले, हृदय घोड्यासारखं आहे, भीतीचा आजार आहे. मानसोपचारासाठी आठ महिने थांबा, नाहीतर घरी संगणकावर सोमवारपासून सुरू करा. मी संगणक निवडला, कारण दवाखान्याच्या बाकावर मला कोणी बघायला नको होतं. एकूण दहा धडे. एकाचा गृहपाठ दिल्याशिवाय पुढचा उघडत नाही. पलीकडे तूवा नावाची मानसशास्त्रज्ञ, माझ्या मुलीपेक्षा लहान. मी तिला बघितलेलं नाही, ती फक्त लिहिते. तिने मला नाक दाबून सरबताच्या नळीतून श्वास घ्यायला लावलं, फिरत्या खुर्चीत गरगरा फिरायला लावलं. उद्देश एवढाच, की धडधड आली तरी माणूस मरत नाही हे शरीराला कळावं. आधी लिहायचं, मरण्याची खात्री किती टक्के. मी लिहिलं नव्वद. मग प्रत्यक्षात काय झालं ते लिहायचं. मी लिहिलं, चक्कर आली, माय-ब्रिट हसली, मग आम्ही कॉफी घेतली.

चौथ्या धड्यात अडलो. पहिला झटका कधी आला ते मिनिटामिनिटाने लिहायचं होतं. मी लिहिलं, नोव्हेंबरात पुलाच्या चढावर बसचे ब्रेक गेले आणि मी घाबरलो. तूवाचं उत्तर आलं: "ब्रेक गेल्यावर कोणीही घाबरेल, तो आजार नव्हे. आधी काय झालं, ब्रेक की धडधड?" साधा प्रश्न. मी तीन आठवडे उत्तर दिलं नाही.

यार्मो, आधी धडधड झाली. वारा सुटला होता, खाली पाणी दिसत होतं, आणि माझी पाचावर धारण बसली. मी बस कडेला थांबवली. मागे चौदा प्रवासी. त्यांनी विचारलं, काय झालं? तेवीस वर्षांचा अनुभवी चालक पाण्याला घाबरला, हे तोंडातून निघेना. मी म्हणालो, "ब्रेक नीट लागत नाहीयेत." बस, एवढंच. मला वाटलं होतं, कार्यशाळेत तपासतील, काही सापडणार नाही, आणि विषय मिटेल. पण अकरा वर्षांच्या बसमध्ये शोधलं की काहीतरी सापडतंच. हवेची एक नळी थोडी झिजलेली निघाली, आणि तपासणीच्या वहीत आदल्या संध्याकाळची सही तुझी होती.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने माहीत नाही. प्रवाशांना वाचवणारा चालक म्हणून पेपरात माझा फोटो आला. डेपोत माझ्या कौतुकाचा हिरवा केक कापला. कोणीतरी म्हणालं, "फिनलंडवाल्याच्या हातात पाना कशाला, दारूची बाटलीच शोभते." तू तर नाताळातही सरबत पिणारा. सगळे हसले. मीही हसलो. मोठ्याने नव्हे, पण हसलो. मग तू केकची बशी घेऊन माझ्याजवळ आलास आणि म्हणालास, "तू होतास म्हणून बरं, इंगेमार. नाहीतर चौदा जीव माझ्या माथी आले असते." तुझे डोळे भरले होते. मी तुझ्या पाठीवर थाप मारली आणि मूग गिळून बसलो. वसंतात तू नोकरी सोडून गावी परतलास. बंदरावर तुला निरोप द्यायला मी आलो नाही. तेव्हाही कंबर.

या नाताळात तू कार्डावर लिहिलंस, घराचं कुलूप तीनदा तपासतो, भाच्याच्या गाडीला हात लावत नाही, हातांवर भरवसा राहिला नाही. ते कार्ड माय-ब्रिटने फ्रिजवर लावलं. रोज दूध काढताना ते माझ्या समोर येतं.

मी तूवाला खरं लिहून टाकलं. ती म्हणाली, भीतीचं काय करायचं ते मी शिकवू शकते, यार्मोचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. मग पाचवा धडा उघडला. गेल्या गुरुवारी, दहावा संपल्यावर, मी एकटाच गाडीने पुलावर गेलो. रेडिओ बंद, एरवी आधाराला जवळ ठेवतो ती पाण्याची बाटली घरी. चढावर झटका आला. तेच सगळं, तेवढंच. मी थांबलो नाही. उतारावर तो ओसरला. पुलाला सहा मिनिटं लागतात, यार्मो. सहा मिनिटांसाठी मी तुझी सात वर्षं घेतली.

सोमवारी सकाळी दहाला मी डेपोच्या साहेबांना हेच सगळं लिहून, सही करून देणार आहे. प्रत सोबत आहे. पत्राला चार दिवस लागतात म्हणून सोमवार धरला. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं. रागावलास तर रागाव, कार्ड पाठवू नकोस, मला बोलायला जागा नाही. फक्त एक कर. त्या दिवशी ब्रेक चांगले होते, तुझे हात चुकले नव्हते. आज कुलूप एकदाच लाव आणि भाच्याकडे जाऊन त्याच्या गाडीचं बॉनेट उघड.

तुझाच म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी तुझाच,
इंगेमार