मान वर करून म्हटलेलं कडवं

कोल्हापूर,
बेंदराच्या आधीचा सोमवार, २००७

तीर्थस्वरूप आक्का हीस, धाकट्या चन्नवीरचे शरणु शरणार्थ. तुझा उजवा गुडघा कुरकुरायचा थांबला असेल, म्हैस व्याली असेल आणि संकेश्वरात आमच्यासारखाच पाऊस लागून राहिला असेल, असं धरून चालतो. इकडं तुझी भावजय शिवम्मा ठणठणीत आहे. मीही चालताफिरता आहे (सध्या चालण्यापेक्षा लंगडणं जास्त, त्याचं कारण पुढं येईल). फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोन सोप्यात आहे, शिवम्मा सोप्यातच शेंगा फोडत बसते, आणि तुला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ही हकिकत सांगितली तर ती चार गल्ल्यांत जाईल. वाचून झालं की पत्र चुलीत घाल.

नागसेन तुला आठवतच असेल. शाळेत माझ्या बाकावर बसायचा आणि तुझ्या हातच्या शेंगाचटणीसाठी माझा डबा पळवायचा, तोच. पुढं बिद्रीच्या कारखान्यातही आम्ही एकाच पाळीला होतो. आता दोघंही रिकामे, म्हणून रोज रंकाळ्याला फेरी मारतो. तिथं एके दिवशी फलक दिसला. गगनबावड्याच्या डोंगरात चिखलातली अडथळ्यांची शर्यत, आणि त्यात साठी उलटलेल्यांसाठी वेगळा गट, दोघादोघांच्या जोडीचा. सुरुवात जोडीनं करायची आणि शेवटची रेघही जोडीनंच ओलांडायची. डोंगर, धुकं, पाऊस हे तीन शब्द एका ओळीत वाचले आणि आक्का, मला एकदम हिरेमठ मास्तरांचा तास आठवला. ती डोंगराची कविता. तू मला चुलीपुढं बसवून ती पाठ करून घेतली होतीस (चुकलो की उलथनं). वर्गात मास्तर म्हणायचे, शेवटच्या कडव्याला मान वर करायची, डोळे मिटायचे, म्हणजे डोंगर दिसतो. मला खरंच दिसायचा. नागसेनला कधी दिसला नाही, पण तो शेजारी बसून माझ्या पाठीला पेन्सिल टोचायचा, त्यालाही काम होतं.

फलक वाचून तो म्हणाला, "चन्न्या, चिखलच पायजे तर माझ्या भावाच्या रोपलावणीला चल की. दोन वेळचं जेवण बी मिळंल." पण मी एकटा गेलो तर जोडी होणार नव्हती, आणि त्याला सोडून मी कधी काही केलेलं नाही. शेवटी तो आला. शिवम्माला सांगितलं, त्याच्या पुतण्याच्या सोयरिकीला चाललोय. त्यामुळं घरातून कोट, धोतर, टोपी असा निघालो आणि गगनबावड्याच्या स्टँडमागं हाफ चड्डी चढवली. बनियन मात्र चड्डीत घट्ट खोचला, कारण वारा पोटात शिरलेला मला बाधतो. हे खोचणं ध्यानात ठेव.

पहिले दोन अडथळे निभले. टायरींतून गेलो, लाकडाच्या ओंडक्यावरून गेलो (नागसेन गेला, मी त्याच्यावरून गेलो). तिसरा अडथळा म्हणजे तांबड्या चिखलाचा मोठा खड्डा, त्यावर हातभर उंचीवर जाळं ताणलेलं, आणि खालून सरपटत जायचं. कवितेत डोंगर असतो, झरे असतात, गुराखी असतो. चिखल एकाही कवीनं घातलेला नाही, ही मोठी उणीव आहे. तरी निम्म्यात गेल्यावर धुकं जरा फाटलं, समोर कडा उभा राहिला, आणि माझ्या तोंडून कविता सुरू झाली. नागसेन पुढून ओरडत होता, "गप सरपट की लेका." पण शेवटचं कडवं आलं आणि सवयीनं माझी मान वर गेली, डोळे मिटले. मान जाळ्यात अडकली. मी हिसका दिला, गळ्याशी काहीतरी तटकन तुटलं आणि उघड्या तोंडानिशी मी चिखलात पालथा झालो (पाय मुरगळला तो तिथंच).

पलीकडच्या काठाला लागून गळ्याला हात लावला, तर गळा मोकळा. आक्का, तू आत्ता काय केलंस ते मला इथून दिसतंय. होय. गळ्यातली लिंगाची डबी, करडगी, नव्हती. मठाच्या अय्यांनी दीक्षेच्या दिवशी हातावर ठेवलेलं इष्टलिंग, ज्याच्या शिवदाराचा दोरा दरवर्षी तू स्वतः पिळून पाठवतेस, ते गेलं. ते अंगावर नसताना पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हे तूच मला शिकवलंस, आणि सापडलंच नाही तर पुढं काय, हे कधी शिकवलं नाहीस. कारण ते हरवतं असं आपल्या घरात कुणाला वाटलंच नव्हतं.

मी परत खड्ड्यात उतरलो. नागसेनला गळा दाखवला. त्याला कळलं. त्यानं सरळ उडी टाकली, आणि उडीतच त्याचा चष्मा गेला. मग तो डोळ्यांऐवजी बोटांनी हुडकायला लागला. तिथं दीप्ती म्हणून कॉलेजची मुलगी पंच होती. ती शिट्टी वाजवून म्हणाली, "आजोबा, बाहेर या. मागं जोड्या तटल्यात."

"तटू देत," नागसेन म्हणाला. "ह्याचा देव पडलाय हितं. गळ्यातला."

ती हसेल असं वाटलं. ती हसली नाही. तिनं शर्यत थांबवली आणि बूट काढून आत आली.

आता खरं संकट ऐक. सकाळी मी रक्तातली साखर उतरवायची गोळी घेतली होती, आणि पळायचं म्हणून न्याहारी निम्मीच केली होती. हुडकता हुडकता माझे हात कापायला लागले, पावसातही घाम सुटला, दीप्तीच्या दोन दीप्त्या दिसायला लागल्या. नागसेनच्या खिशात माझ्यासाठी गुळाचा खडा असतो. तो त्यानं तोंडाशी धरला. मी मान फिरवली.

"खा."

"करडगी मिळूदे."

"चन्न्या, तू हितं आडवा झालास तर शिवम्मावैनीला मी काय सांगू? सोयरीक मोडली म्हणून?"

मी दात आवळून बसलो. हट्ट नव्हता, आक्का. त्या क्षणी मला अय्यांचा हात डोळ्यांपुढं दिसत होता आणि तोंड उघडतच नव्हतं. नागसेननं मला काठावर दगडाला टेकवलं, फावडं मागून घेतलं आणि खड्ड्याचा उताराकडचा बांध फोडला. फुटलेल्या जागी तो आणि दीप्ती बारदान धरून उभे राहिले. सगळा चिखल बारदानातनं गाळून सोडायचा, असा बेत. चिखल खाली जात होता, धुकं वर येत होतं आणि नागसेन चिखलाला सांगत होता, "माझ्या बानं छप्पन्न साली घरातलं सगळं देव टोपलीत घालून पंचगंगेला सोडलं. आणि मी म्हातारपणी दुसऱ्याचा देव गाळून काढतोय. बघतोय व्हय रं बा?" बारदानात दोन बूट आले, एक बाटली आली, एक दातांची कवळी आली (आमच्या पुढच्या जोडीतले गृहस्थ परत येऊन ती घेऊन गेले, चूळही न भरता बसवली). खड्डा कोरडा झाला. करडगी आली नाही. चष्माही आला नाही.

नागसेन माझ्याकडं आला. मला तो तिघं दिसत होता आणि त्याला मी दिसतच नव्हतो. चाचपडत जवळ बसला. गुळाचा खडा त्याच्या मुठीत पावसानं विरघळत होता. म्हणाला, "न्हाय गावलं रं." आणि त्यानं मला मिठी मारली. साठ वर्षांत आम्ही मिठी मारलेली नाही, आपल्यात ती पद्धत नाही. मीही रडलो. जरा वेळानं तो म्हणाला, "हे कमरंत काय टोचतंय तुझ्या?"

बनियन, आक्का. चड्डीत खोचलेला. शिवदार तुटल्यावर करडगी गळ्यातून आत घसरली, सरपटताना फिरत फिरत मागं गेली आणि कमरेवर बसून राहिली. ते अंगावरून एक क्षणही हललं नव्हतं. गावभर हुडकत होतो आम्ही.

तरी असंच गळ्यात कसं घालणार? चिखल धुऊन हातावर घेतलं. नागसेननं ते बारदान माझ्या डोक्यावर धरलं, तोंड दुसरीकडं केलं आणि पावसात उभा राहिला. मंत्र मला नीट आठवले नाहीत, मधेच कवितेची एक ओळ घुसली. "उरक लवकर," तो म्हणत होता, "तुझा देव थांबंल, साखर थांबायची न्हाय." मग मी गूळ खाल्ला. चिखलाचा, बारदानाचा आणि नागसेनच्या घामाचा वास असलेला तो गूळ मला आयुष्यभर पुरेल.

उरलेले अडथळे आम्ही वळसा घालून, एकमेकांना धरून काढले. मी त्याचे डोळे, तो माझे पाय. शेवटच्या रेघेवर मंडप उतरवत होते, दीप्तीनं पुन्हा दोन खांब उभे करायला लावले. आम्हाला क्रमांक नाही, कारण खड्डा फोडणं नियमात बसत नाही, असं मंडळाचं म्हणणं पडलं. रेघ मात्र जोडीनं ओलांडली.

मोठ्यांस नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद, म्हशीला पाठीवर थाप.

तुझा,
चन्नवीर

ता. क. : पत्राचं खरं कारण आता लिहितो. शिवदार तुटला आणि लगेच मी पालथा पडलो, तेव्हा तोंडभर चिखल पोटात गेला. गूळ नाकारला, पण चिखल गिळला. करडगी अंगावरच होती हे खरं, पण मला ठाऊक नव्हतं हेही खरं. तर दोष लागतो की नाही? आणि लागत असेल तर चिखल अन्नात धरायचा की पाण्यात? स्वामींना विचारायला तोंड नाही. तू सांगशील ते प्रायश्चित्त घेईन. उपवास सांगणार असशील तर बेंदराच्या सणाच्या आत सांग, शिवम्मा पोळ्या करणार आहे.

आणखी ता. क. : पोळ्या तिनं कालच करून बघितल्या. मी तीन खाल्ल्या. वाढताना तिनं विचारलं, सोयरिकीत एवढा तांबडा चिखल उडाला होय धोतरावर? (शर्यतीच्या वेळी धोतर पिशवीत होतं, पण नंतर चिखलाची चड्डी त्याच पिशवीत आधी कोंबली आणि मग धोतर बाहेर काढलं.) तेव्हा लपवण्यासारखं आता फारसं उरलेलं नाही, पत्र चुलीत घालायची घाई करू नकोस.

शेवटचं ता. क. : यंदा शिवदार दोन पाठव, दुप्पट पिळाचे. एक मला. दुसरा नागसेनला हवाय, नव्या चष्म्याला बांधायला. मी म्हटलं, अरे, तुझा त्याच्यावर विश्वास नाही. तर म्हणाला, "इस्वास आक्काच्या पिळावर हाय. पुढच्या खेपंला तुझा देव हुडकायचा तर आधी मला दिसाय नको?"