व्याकुळ मातेचे दोन डावे कान

मी, ओबदुलिया सेर्पा नाव्हारो, वय एकोणसत्तर, अविवाहित, धंदा चांदीच्या तारेचे दागिने घडवणे, राहणार मोंपोस, नदीकाठची गल्ली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने केसाएवढ्या तारेचा एक वेढा माझ्यासमोर वळून दाखवावा आणि मग बोलावे. अक्षर बरे आहे, त्याचे श्रेय मठाच्या शाळेतल्या सिस्टर क्लेमेन्सियांना. थोडे त्यांच्या पट्टीलाही.

१. घर माझ्या बहिणीचा मुलगा विल्मर याला. त्याला तिथे हॉटेल काढायचे आहे. "मावशी, लिंबाचं झाड पाडलं की दोन खोल्या जास्त निघतात," असे तो म्हणतो. झाड पाडल्यास घर मठाला जाईल. शिवाय माझ्या खोलीचा केर त्याने परस्पर फेकू नये. एकेचाळीस वर्षांची चांदीची कणी फरशीच्या फटींत आहे. आधी चाळावा.

२. खणासकट कामाचा पाट, फुंकणी, चिमटे, ऐरण आणि शेपटी हलणाऱ्या चांदीच्या माशांची अर्धवट राहिलेली पेटी लेदिसला. ही माझी मामेबहीण देल्फिना हिची सून. तिचा हात माझ्याहून बारीक चालतो. हे तिला तोंडावर कधी म्हटले नाही, कारण ती देल्फिनाच्या घरची. मी जन्मभर कोणाची चाकरी केली नाही. मालकीण मीच, झाडूवालीही मीच. या मालकिणीने झाडूवालीला एकदाही रजा दिली नाही. लेदिसने रविवारी तरी पाटावर बसू नये.

३. तार ओढायची भोकांची पोलादी पट्टी, म्हणजे मामांचे जंतर, देल्फिनाला. हे मामा तिचे वडील आणि माझे गुरू. जाताना त्यांनी जंतर लेकीला न देता मला दिले, तेव्हापासून ती माझ्यावर रुसलेली. पण बोलणे तुटले ते कर्णफुलांवरून. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या मिरवणुकीत देवळातल्या व्याकुळ मातेच्या मूर्तीला घालायची जोडी मामांनी आम्हा दोघींना वाटून दिली, एक-एक फूल. मामा गेले. आम्ही भिंतीच्या दोन बाजूंना बसून फुले घडवली आणि देवळात नेली. दोन्ही डाव्या कानाची निघाली.

"उजवं तुझं होतं, बाई!" देल्फिना म्हणाली.

"माझं? कान धुऊन ये आधी."

जिची चूक तिने दुसरे घडवावे, यावर अडून बसलो. एकतीस वर्षे मातेच्या एका कानाचा वेढा नाकाकडे वळतो, दुसऱ्याचा मानेकडे. गावाला वाटते, ही जुनी रीत आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी पाटाच्या खणाखाली मामांची चिठ्ठी सापडली: "उजवे ओबदुलिया, डावे देल्फिना." चूक माझी होती. सिस्टर म्हणत, अपराध ज्याचा केला त्याच्यापुढे कबूल करावा. मी दर शनिवारी पाद्रीबाबांपुढे केला. ते सोपे पडते.

ताजा कलम. तिसरा साक्षीदार आणायला लेदिसला धाडले, तर ती सासूलाच घेऊन आली. नोटरींनी सारे मोठ्याने वाचले.

"एकोणीस वर्षं चिठ्ठी दाबून ठेवलीस?" देल्फिना म्हणाली.

"हो."

"आणि मी आधी मेले असते तर?"

"तू? मला जिंकू देण्यासाठी? शक्यच नाही."

नोटरींनी खाकरून सांगितले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. बाईंनी सही तरी करावी, नाहीतर जंतर तरी घ्यावे.

"मेलेल्या बाईकडून मला काही नको," ती म्हणाली. "जिवंत आहे तोवर हातात दे. तार मी ओढते. उजवं तू घडव. आणि डोळे उघडे ठेवून घडव, ओबदु."

एकतीस वर्षांत मला कोणी ओबदु म्हटले नव्हते. म्हणून कलम ३ मी खोडले आहे. जंतर आत्ताच दिले. सोमवारी सकाळी दोघी पाटावर बसतो. तोवर मला मरण आल्यास ते अमान्य समजावे.

मोंपोस, शुक्रवार, ५ एप्रिल २०१९.

(सही) ओबदुलिया सेर्पा नाव्हारो

साक्षीदार:
१. एलिसेओ तुर्बाय, पाववाला
२. निकानोर आर्से, देवळाचा घंटावाला
३. देल्फिना नाव्हारो. चष्मा विसरली, माझा लावून सही केली. सहीखाली तिच्याच अक्षरात: "उजवं. लिहून ठेव."