मिठाचा हात

ता. ९ मार्च, सोमवार

चि. भांडकुदळ लेकीस,

बाबाचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. भट्टीचं दार दुरुस्त झालं. आत्याचा गुडघा बरा आहे, तोंड तर त्याहून बरं. तुझी बेकरी जोरात चालली आहे, असं तिच्याकडूनच कळलं.

मुख्य बातमी म्हणजे माझी सिगारेट सुटली. आज एक्केचाळीस दिवस झाले. डॉक्टरांनी मला दवाखान्यातल्या एका वर्गाला पाठवलं होतं. डोळे मिटून बसायचं, श्वासाकडे बघायचं. मी म्हटलं, हे रिकामटेकड्यांचे उद्योग! पण शिकवणारी नर्स म्हणाली, "काका, सिगारेट सोडू नका. ओढताना फक्त नीट लक्ष द्या."

मग काय, दुकानामागे उभा राहून लक्ष देऊन ओढली. जळक्या फडक्याची चव! तुझी आई गेल्यापासून दिवसाला वीस ओढत होतो, आणि चव कधी कळलीच नव्हती. तलफ आली की तिच्याकडे नुसतं बघत बसायचो. ती यायची, छळायची, निघून जायची. वर्गातल्या एका प्लंबरची मात्र अजून सुटलेली नाही, तेव्हा गुण वर्गाचा की डॉक्टरांच्या दटावणीचा, कोण जाणे.

आता खरं लिहितो. मागच्या मंगळवारी गरम पावाचा तुकडा तोंडात टाकला आणि थुंकलो. खारट! मीठ मी मापाने थोडंच घालतो? चाखून घालतो. आणि जीभ तर इतकी वर्षं धुराने मेलेली होती.

दोन वर्षांपूर्वी भर दुकानात तू हेच म्हणाली होतीस. "मला शिकवतेस? मग स्वतःची भट्टी घाल," असं मी ओरडलो, आणि तू गेलीस.

पहिला विचार आला, गुपचूप मीठ कमी करावं, कोणाला पत्ता लागायला नको. तसा हात मिठाकडे गेलाही. पण थांबलो. एक श्वास घेतला, दुसरा घेतला. तेवढ्यात शाळेच्या बाई पाव घ्यायला आल्या. त्यांनाच विचारलं, "बाई, पाव खारट असतो का हो?"

"दोन वर्षं झाली. आम्ही लोणी बिनमिठाचं घ्यायला लागलो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या मुलीचं काय झालं ते पाहिलं ना!"

पोरी, मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणालो, "माझी मुलगी बरोबर होती." तुझ्यासमोर म्हणायला हवं होतं, म्हणून इथे पुन्हा लिहितो. तू बरोबर होतीस. मी चुकलो.

रविवारी दुकान बंद ठेवून पहाटेच्या गाडीने येतो आहे. तुझ्या भट्टीवर एक दिवस मला पीठ मळायला घेशील? पगार नको, ओरडलीस तरी चालेल.

तुझ्या हाताखाली यायला तयार,
बाबा