काळी चारची पट्टी

बाबा, तुमची पेटी मी बिघडवली. पेटीवाला म्हणतो दुरुस्त केली. पण तुमच्या हिशेबी बिघडवलीच.

तुमसरच्या राइस मिलला सुट्टी असली की तुम्ही स्वयंपाकघरात पेटी उघडून बसायचे, कारण तिथं वारा लागत नसे. पितळेची एकेक पत्ती कानशीनं जराशी घासायची, बसवायची, भाता हलवून ऐकायचं. सा, ग आणि प एकदम दाबले की आवाजात थरथर उरता कामा नये, हा तुमचा हट्ट. आई कढई घेऊन ताटकळते आहे आणि तुम्ही ओरडता, "फोडणी देऊ नोको वं, गंधार लावून राहिलो!" आई म्हणते, "मंग पोट्टे काय खातीन? तुमचा गंधार?"

तुम्ही पांढरी एकमध्ये गायचे, म्हणून पेटी त्याच पट्टीत गोड. जवळच्या पट्ट्या गोड लावल्या की उरलेली कसर लांबच्या पट्ट्यांत साचते, हेही तुम्हीच सांगायचे. काळी चारमध्ये तेच तीन सूर दाबले की पेटी भांडायला उठायची. आणि माझा आवाज नेमका काळी चारचा! एकदा भीत भीत म्हटलं तर तुम्ही खेकसले, "तुह्या एकटीसाठी पेटी बिघडवू काय? आवाज खाली आण." आणला बाबा. गाणं घशातच राहिलं, मी भजनात टाळ वाजवत बसले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आता माझ्या लेकीचा आवाज तसाच. यंदा दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते तिच्यात तिचं गाणं ठरलं. तालमीत तुमची पेटी काळी चारमध्ये वाजली तसा कीबोर्डवाला पोरगा म्हणाला, "काकू, पेटी बेसूर बोलून राहिली." लेकीनं माझ्याकडे बघितलं आणि कुणी न सांगता स्वतःच आवाज खाली आणला. ते मला बघवलं नाही हो. दुसऱ्याच दिवशी पेटी भंडाऱ्याला नेली. पेटीवाल्यानं मोबाईलवर सूर बघत सगळ्या पत्त्या घासल्या. "आता सगळ्या पट्ट्या सारख्या, बाई. कुठंच भांडण नाही." मी पांढरी एक दाबून बघितली. गंधार थरथरत होता. घासलेलं पितळ काही परत येत नाही. त्या पत्त्यांवर तुमचा हात होता, तो मी पुसून टाकला. एसटीत पेटी मांडीवर घेऊन रडले, बाजूची बाई विचारत होती काय झालं म्हणून.

मंडईत लेक काळी चारमध्ये अगदी मोकळी गायली. नंतर तुमच्या मिलमधले एक म्हातारे काका येऊन पेटीवरून हात फिरवत म्हणाले, "तुह्या बाबानं लावलेला सूर हाय बाई. अजून तसाच."

मी म्हटलं, "हो ना, काका."

तुम्ही असते तरी हे पत्र तुमच्या हाती दिलं नसतं. खोटं बोलले म्हणून नाही. लेक गात होती तेवढा वेळ मला तुमची आठवणच नव्हती. काकांनी नाव काढलं तेव्हा झाली.