प्रीअँपचा आवाज का बसत होता

प्रीअँप टेबलावर ठेवलाय, लावून बघ. बाळ झोपलं की थोडा थोडा करत नीट केला. परवा मित्रांसमोर हसत म्हणालास, "बायकोने जोडलाय, एवढाच वाजणार." पण खोट माझ्या जोडणीत नव्हती. तू बनवलेल्या पॉवर अँपचा इनपुट इंपीडन्स फारच कमी, म्हणजे तो करंट जास्त ओढतो; त्याला सिग्नल पुरवताना प्रीअँपमधली माझी व्हॅक्यूम ट्यूब दमत होती. मी इंपीडन्सचा आकडा आधीच विचारला होता, तर म्हणालास, "तुला काय करायचंय?" आता भार पेलायला शेवटी आणखी एक ट्यूब घातलीय. बंद केल्यावरही लगेच आत हात घालू नकोस, कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, शॉक बसेल.

बाळाला घेऊन मी आईकडे चाललेय. त्याच मित्रांना बोलाव आणि वाजवून दाखव. कुणी जोडला ते त्यांना सांगितलंस की मग फोन कर, त्याआधी नको.